संयमाला सोबत लागते

कोसल देशाचा राजा पसेनदी एके दिवशी जेवून उठला तो थेट बुद्धांच्या भेटीला गेला. दोणभर तांदळाचा भात आणि वर कालवणं, असा त्याचा रोजचा आहार. पोहोचेपर्यंत त्याला धाप लागली होती, बसताना श्वास पुरत नव्हता. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथाच्या कोसलसंयुत्त या भागात ही हकिकत आहे. बुद्धांनी त्याची अवस्था ओळखली आणि एक छोटी गाथा म्हटली. जेवताना भान ठेवणाऱ्या आणि आपलं माप ओळखणाऱ्या माणसाचं दुखणं कमी होतं, म्हातारपण सावकाश येतं, एवढाच तिचा आशय. राजाच्या जिभेला त्यांनी दोष दिला नाही, मागच्या जन्मीचं पाप काढलं नाही, उपासही सांगितला नाही.

पुढं राजानं जे केलं ते अधिक मोलाचं आहे. त्याच्या मागं सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजानं त्याला सांगितलं, की ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की दर वेळी म्हण; त्याबद्दल रोज 100 कहापण मिळतील. अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली टीकांमध्ये, याचा आणखी तपशील येतो. राजा शेवटचा घास उचलणार, नेमकी तेव्हा गाथा म्हणायची. राजानं तो घास बाजूला ठेवायचा. पुढच्या जेवणाला त्या घासाइतके तांदूळ कमी शिजवायचे. असं करत करत दोणभर तांदूळ खाणारा राजा नाळी या छोट्या मापाइतक्या तांदळावर आला. अंग हलकं झाल्यावर आपल्याच हातापायांवरून हात फिरवत तो म्हणाला, की भगवंतांनी या लोकीचं आणि परलोकीचं अशी दोन्ही हितं साधून दिली.

आजचा समंजस आहारतज्ज्ञ तरी याहून वेगळं काय सांगेल?

या कथेत एक मोठा तात्त्विक प्रश्न आहे. संयम हा ज्याचा त्यानं कमवायचा गुण, अशी आपली रूढ समजूत. इंद्रियनिग्रह म्हटलं की डोळ्यांपुढं एकटा बसलेला तपस्वी येतो. ज्याला जमलं तो खरा, ज्याला जमलं नाही तो मनाचा कच्चा. पसेनदीनं मात्र उपदेश कळल्यावरही स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला नाही. ताटाशी दुसरं माणूस उभं केलं. म्हणजे त्याचा संयम अर्धा त्याच्यात होता आणि अर्धा सुदस्सनच्या आवाजात. याच संयुत्तनिकायात बुद्धांचा शिष्य आनंद याचा एक प्रसंग येतो. चांगल्या मित्राची सोबत म्हणजे अर्धं ब्रह्मचर्यजीवन, असं आनंद म्हणाला, तेव्हा बुद्धांनी त्याला दुरुस्त केलं. अर्धं नव्हे, सगळंच. हा संवाद बुद्धांनी पसेनदीलाही ऐकवल्याची नोंद आहे.

राजाच्या मागं सुदस्सन होता. घरातल्या आईच्या मागं कोण असतं? ती स्वतःच सगळ्यांच्या मागं उभी असते. सकाळचे डबे भरून होईपर्यंत तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नसतं. मग मुलानं अर्धी टाकलेली तूप-साखरेची पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला वरणभात, वाटीतले शिऱ्याचे दोन चमचे. त्यासाठी वेगळा डबा काढावा एवढे ते नसतात आणि टाकावे असंही वाटत नाही. ओट्याशी उभ्या उभ्या ते संपतात. दुपारी ती नीट ताट घेऊन बसते तेव्हा आपण अजून जेवलोच नाही, असं तिला मनापासून वाटत असतं.

‘टाकवत नाही’ या तिच्या भावनेमागं मोठी परंपरा उभी आहे. अन्नाची निंदा करू नये, ते वाया घालवू नये, भरपूर पिकवावं, ही व्रतं तैत्तिरीय उपनिषदानं सांगितली. पानात टाकू नये हा घराघरातला संस्कार तिथूनच झिरपत आला. संस्कार चांगलाच आहे, त्यावर तडजोड नको. प्रश्न इतकाच, की सगळ्या घरानं पाळायचं व्रत एकाच बाईच्या पोटात का जावं? अन्नाचा मान ताट उचलताना राखण्याऐवजी वाढताना राखला, मुलाला आधी अर्धीच पोळी वाढली, तर उपनिषदाचं म्हणणंही पाळलं जाईल आणि आईची सुटकाही होईल. ही गोष्ट आईला एखादी दुसरी आईच सांगू शकते. सासूनं सांगितली तर टोमणा वाटतो, नवऱ्यानं सांगितली तर हिशेब.

बाळंतपणानंतर हे सगळं आणखी अवघड होतं. सव्वा महिना डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तुपाची धार. तेव्हा प्रत्येक जण ‘खा गं, अंगावर पाजतेस’ म्हणत असतं. बारशानंतर काही महिन्यांतच तीच माणसं नजरेनं मोजू लागतात आणि ‘जरा सुटलीस’ हे वाक्य कुठल्याही लग्नकार्यात, कुणाच्याही तोंडून येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्या गरजेहून सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात. त्या काळात बारीक होण्याची घाई म्हणजे स्वतःची आणि बाळाची ओढाताण. पण हा आकडा तिच्या हाती पडण्याआधी आत्याबाईंचं वाक्य कानावर पडलेलं असतं.

शरीराकडं बघण्याची ही नजर जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एकविसावा अध्याय आहे. आठ प्रकारची शरीरं निंदित मानली जातात, असं तिथं सांगितलं आहे: फार उंच, फार बुटकं, अंगभर केस असलेलं, अजिबात केस नसलेलं, फार काळं, फार गोरं, फार स्थूल आणि फार कृश. यादी वाचली की लक्षात येतं, यातली पहिली सहा दुखणी नव्हेत. तो लोकांच्या डोळ्यांचा निवाडा आहे. चरकही यादी सांगून त्या सहांपाशी थांबत नाहीत. पुढचा सगळा विचार स्थूल आणि कृश या दोघांचा, कारण तिथं खरोखर त्रास असतो: धाप, घाम, अतिभूक, अशक्तपणा. जगाची नजर आणि शरीराचं दुखणं एकाच यादीत मिसळलेलं असतं, आणि वैद्य त्यातून दुखणं तेवढं वेगळं काढतो. मैत्रिणीचं कामही नेमकं हेच आहे. ‘जिना चढताना तुला दम लागतो का गं?’ आणि ‘कशी दिसायला लागलीस!’ या दोन वाक्यांत पहिलं वाक्य काळजीचं आहे. दुसरं त्या सहांच्या यादीतलं.

हे काम बायकांनी मुद्दाम एकत्र येऊन कसं केलं, याचं एक नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1948 साली मिलवॉकी शहरातल्या एस्थर मान्झ या गृहिणीनं गरोदर बायकांच्या वर्गात एकमेकींना मिळणारा धीर अनुभवला होता. वजनासाठी असंच का जमू नये, असं तिला वाटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मैत्रिणी बसल्या आणि ‘टॉप्स’ ही संस्था सुरू झाली. ती आजही चालू आहे. तेरा वर्षांनी, 1961 मध्ये, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडिच या दोन मुलांच्या आईला दुकानात भेटलेल्या ओळखीच्या बाईनं कौतुकानं विचारलं, कितवा महिना चालू आहे? ती गरोदर नव्हती. तिचं वजन 214 पौंड, म्हणजे 97 किलोच्या आसपास होतं.

ती शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेली. तिथला आहार पाळू लागली, वजन उतरूही लागलं. तरी एक गोष्ट तिला तिथं आहार सांगणाऱ्या बाईंना सांगता येईना. रात्री ती चोरून चॉकलेटची बिस्किटं खात होती आणि पुडे न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवत होती. शेवटी तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना हे सांगून टाकलं. मैत्रिणींनी आपापली लपवण्याची ठिकाणं सांगायला सुरुवात केली. थोड्याच आठवड्यांत तिच्या घरी चाळीसएक बायका जमू लागल्या.

दवाखान्यात जे तोंडातून निघालं नाही ते घरच्या बैठकीत का निघालं? ख्रिस्ती परंपरेत पापनिवेदनाची मोठी रीत आहे. तिथं ऐकणारा वरच्या पायरीवर असतो, क्षमा वरून खाली येते. नायडिचच्या बैठकीत ऐकणारीच्या घरीही तसाच पुडा लपवलेला होता. क्षमा करायला कुणी मोठं नव्हतं म्हणूनच कुणाला क्षमेची गरज वाटली नाही. लाज गेली की लपवणं जातं, आणि लपवून खाल्लेलं बंद झालं की उरलेल्या खाण्याचा विचार शांतपणे करता येतो. या क्रमानं गोष्टी घडल्या. आधी सोबत, मग मोकळीक, मग संयम.

त्या बैठकीतून 1963 मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी झाली. 1978 मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीनं ती सुमारे 7 कोटी डॉलरना विकत घेतली. पुढं अनेक दशकं बैठक, काटा आणि वर्गणी हे तिचं रूप जगभर गेलं. भूक कमी करणारी नवी औषधं आल्यावर धंदा आटला आणि 2025 च्या मे महिन्यात कंपनीनं कर्ज फेडता येत नाही म्हणून दिवाळखोरीच्या कायद्याचा आधार घेतला. क्वीन्समधल्या त्या पहिल्या खोलीत विकण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती खोली या कंपनीच्या चढउताराशी बांधलेली नाही, कुठल्याही गावात तशी खोली पुन्हा तयार होऊ शकते.

धर्म या क्षेत्रात उतरला तेव्हा काही वेळा त्यानं सोबतीऐवजी काटाच हाती घेतला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ग्वेन शॅम्ब्लिन या बाईनं 1986 मध्ये ‘वे डाउन वर्कशॉप’ सुरू केलं. पोटातली भूक आणि मनातली ओढ वेगळी ओळखा, हे तिचं पहिलं सांगणं कुणालाही पटावं असं होतं. 1990 च्या दशकात हजारो चर्चमध्ये तिचे वर्ग भरले आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. पण अतिखाणं म्हणजे देवाऐवजी अन्नाची भक्ती, असं ती शिकवू लागली, आणि 1999 मध्ये तिनं स्वतःचं चर्च काढल्यावर बारीक शरीर हे आज्ञाधारकपणाचं लक्षण ठरलं. मग ज्या आईचं वजन उतरत नाही तिची श्रद्धाच खोटी. थायरॉईड, तीन बाळंतपणं, अपुरी झोप, आनुवंशिक ठेवण, सगळं पापाच्या खात्यावर जमा.

दुसऱ्या टोकाची गोष्ट त्याहून सहाशे वर्षं जुनी आहे. इटलीतल्या सिएनाची संत कॅथरिन तरुणपणापासून जेवण कमी करत गेली. शेवटी पाणीही सोडलं आणि 1380 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी रोममध्ये वारली. अभ्यासकांनी तिच्या उपासांवर पुस्तकं लिहिली आहेत. कॅरोलिन वॉकर बायनम यांचं 1987 चं पुस्तक त्यांतलं महत्त्वाचं. कॅथरिनच्या चरित्रात तिची आई लापा सारखी भेटते. वीसहून अधिक मुलांना जन्म दिलेली ही बाई लेकीनं चार घास खावेत म्हणून विनवत राहते, रागावते, रडते. लेक संत झाली. लापा तिच्यामागं जगली. धर्माच्या इतिहासात कॅथरिनच्या उपासाला मोठं स्थान मिळालं आहे, लापाच्या विनवणीला मिळालेलं नाही. खरं तर तिच्या विनवणीतही धर्म होता.

भगवद्गीता या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सहाव्या अध्यायात ती म्हणते, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. सतराव्या अध्यायात ती आणखी पुढं जाते. शास्त्रात नसलेलं घोर तप करून जे शरीराला आणि शरीरात राहणाऱ्या परमेश्वरालाही कष्ट देतात, त्यांची निष्ठा ती आसुरी ठरवते. शरीर देवाचं घर आहे असं मानलं, तर त्या घराला रोज नावं ठेवणं ही उपासना होत नाही.

महाराष्ट्रातल्या बायकांना देव निवाडा करणारा म्हणूनच भेटला असं नाही. जनाबाईच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही तिचं जातं दाखवतात. नामदेवांच्या घरची ही दासी. तिच्या कष्टाच्या घटकेला देव समोर येऊन बसतो आणि जात्याच्या खुंट्याला हात लावतो. तू कशी दिसतेस, किती पुण्य केलंस, असं काही तो विचारत नाही. केस विंचरणं ही तर शरीराची किती जवळची काळजी! आपल्या देहाला कुणी प्रेमानं हात लावावा ही बाईची इच्छा इतक्या उघडपणे भक्तीत आलेली क्वचितच दिसते. भारतीय भक्तिविचारात सख्यभक्तीला मान आहे, पण ती बहुधा अर्जुनाच्या रथावर किंवा गोकुळाच्या कुरणात शोधली जाते. जनाबाईनं ती ओसरीवरच्या पिठात आणली.

तिच्यामागून शेकडो वर्षं पहाटेच्या अंधारात दोन दोन बायका एका खुंट्याला धरून दळत राहिल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे, सासरचा जाच आहे, विठ्ठल आहे. दिवसभर ज्यांना बोलायची मुभा नव्हती त्यांनी जात्याशी सगळं बोलून घेतलं. ते कष्ट परत यावेत असं कुठल्याही बाईला वाटणार नाही, वाटूही नये. विजेची चक्की आली आणि खांद्यांचं, मनगटांचं दुखणं गेलं हे चांगलंच झालं. पण समोर बसून ऐकणारी बाईही त्याबरोबर उठून गेली. ती नंतर शाळेच्या बसच्या थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत, भिशीच्या दुपारी, टेकडीवरच्या फिरण्यात थोडी थोडी परत आली.

श्रावणात नव्या नवरीची मंगळागौर जागवण्याची रीत जुनी. आता पुणे, ठाणे, डोंबिवलीत चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचे मंगळागौरीचे गट आहेत. आठवड्यातून दोनतीनदा सोसायटीच्या हॉलमध्ये जमून त्या झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, बसफुगडी यांचा सराव करतात आणि बोलावणं आलं की नऊवारी नेसून खेळायला जातात. त्यांतल्या बऱ्याच जणी तिथं पहिल्यांदा येतात त्या गुडघे दुखतात म्हणून किंवा डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितली म्हणून. टिकतात त्या खेळासाठी. फुगडीकडं जरा निरखून पाहावं. दोघी हातांची अढी घालतात, पावलांना पावलं जुळवतात आणि मागं झुकतात. कुणी एकटी त्या कोनात उभी राहूच शकत नाही; दुसरीच्या वजनानं ती तोलली जाते. एक जड आणि एक हलकी असली तर जड बाई कमी झुकते, हलकी जास्त झुकते आणि गिरकी सुरू होते. दोघींची वजनं सारखी असण्याची अट तिथं नाही. हात न सोडण्याची आहे. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, रात्रीची अपुरी झोप आणि वाढलेलं वजन यांतून एकमेकींना नेणाऱ्या मैत्रिणी असंच करतात. आज हिच्या घरी पाहुणे म्हणून हिचा मुलगा तिच्याकडं जेवतो, उद्या तिला ताप म्हणून ही दोन पोळ्या जास्त लाटते. वजनाचा विषय या देवघेवीच्या आत येतो तेव्हा तो सोसवतो.

आणि तो यायलाच हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 24 टक्के स्थूलतेच्या बाजूला होत्या, शहरांत हे प्रमाण 33 टक्क्यांवर होतं. त्याच पाहणीत सुमारे 19 टक्के बायकांचं वजन गरजेपेक्षा कमी होतं आणि 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे एका गच्चीवर चार जणी बसल्या तर एकीला वजन कमी करायला हवं, दुसरीला वाढवायला हवं आणि दोघींच्याही रक्तात लोह कमी, हे सहज संभवतं. सगळ्यांनी मिळून रात्रीचं जेवण सोडायचं, असल्या सामूहिक संकल्पात म्हणूनच धोका असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं संशोधन आणखी खोल नेतं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं सारखंच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही पोटाभोवती चरबी लपलेली असते आणि तिथून मधुमेह सुरू होतो. त्यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या आयांच्या आहारात अधिक होतं, त्यांची बाळं जन्मतः अधिक चांगल्या वजनाची होती. गरोदर सुनेच्या पानात मेथीची भाजी आणि पेलाभर दूध पडतं की नाही, यावर पुढच्या पिढीचं आरोग्य काही अंशी ठरतं. काट्यावरचा आकडा बाईचं चारित्र्य सांगत नाही हे तर आहेच. याज्ञिकांच्या संशोधनानं दाखवलं, की तो तिची प्रकृतीही पुरती सांगत नाही.

आता भूक कमी करणारी इंजेक्शनं भारतातही 2025 पासून वजनासाठी मिळू लागली आहेत. ‘औषधानं भूक मेली तर त्यात संयम कुठला?’ असं विचारणारे भेटतात. मधुमेहाच्या दारात उभ्या असलेल्या आईला हा प्रश्न विचारणं निष्ठुरपणाचं आहे. पसेनदीनं पगारी माणूस ठेवला म्हणून त्याचा संयम खोटा ठरला नाही. मदत बाहेरून येते, गाथेतून, मैत्रिणीकडून, कधी डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या औषधातून. ती घेण्यात कमीपणा मानणं हा जुना एकट्या तपस्व्याचाच अहंकार आहे.

उपासांचं काय, हा प्रश्न उरतो. मराठी बाईच्या वर्षात दोन डझन एकादश्या, संकष्ट्या, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार आणि नवरात्र. बहुतेक व्रतं नवऱ्यासाठी, मुलांसाठी. पिठोरी अमावस्येला दिवसभर उपास करून आई संध्याकाळी वाण डोक्यामागं धरते आणि ‘अतिथी कोण?’ असं विचारते. मागून मूल ‘मी’ म्हणत ते घेतं. या व्रतांतली माया खरी आहे. अलीकडं मात्र त्यांच्यावर वजनाचाही भार पडला आहे: नऊ दिवसांत दोन किलो उतरतील, असा मनातला हिशेब. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम साबुदाण्यात जवळपास साडेतीनशे कॅलरी आणि जवळजवळ सगळा पिष्टमय भाग, त्यावर दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. वजन उतरत नाही आणि व्रतही मोडल्यासारखं वाटतं. दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढल्या की दोन्हींची चव जाते. ज्या बाईला देवासाठी उपास करायचा आहे तिनं तो देवासाठीच करावा, आणि वजनाचा विचार बुधवारच्या साध्या भाजी-भाकरीच्या पानाशी करावा.

याहून गंभीर गोष्ट हरतालिकेच्या दिवशी घडते. निर्जळी उपास म्हणून थायरॉईडची, रक्तदाबाची गोळी चुकवली जाते. तान्हं बाळ अंगावर पिणारी आई दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. व्रत मोडेल ही तिची भीती असते, आणि शेजारची बाई पीत नाही मग आपण कसं प्यावं, हा संकोचही असतो. म्हणजे सोबत इथं उलट्या दिशेनं काम करते. शास्त्र मात्र तिच्या बाजूचं आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर आठ गोष्टी सांगतो, ज्यांनी व्रत मोडत नाही. त्यांत पाणी आहे, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न आहे, गुरूचा शब्द आहे आणि औषध आहे. व्रतांवरच्या निबंधग्रंथांनी हे वचन पुन्हा पुन्हा आधाराला घेतलं. गरोदर आणि बाळंतीण बाईनं पूर्ण उपासाऐवजी नक्त करावं, म्हणजे रात्री एकदा जेवावं, असं पुराणं सांगतात. ज्याला झेपत नाही त्याच्या वतीनं जवळच्या माणसानं उपास करावा, ही प्रतिनिधीची सोयही धर्मशास्त्रात आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा हा सगळा पसारा तपशिलानं मांडला आहे. एकीचा उपास दुसरी करू शकते, एवढी जागा या परंपरेनं सोबतीला दिली.

हरतालिकेला एखाद्या घरी वाळूची पिंड मांडून दहाबारा जणी जमतात, कहाणी वाचली जाते, सगळ्या ऐकतात. विदुराची ती आठ नावं त्याच बैठकीत, कहाणी वाचणाऱ्या वडीलधाऱ्या बाईनं सगळ्यांना ऐकू जातील अशी सांगायला हवीत. आणि सांगून झाल्यावर सगळ्यांत आधी तिनं स्वतः घोटभर पाणी प्यावं, म्हणजे कडेवर बाळ घेऊन दाराशी बसलेल्या मुलीला तांब्याकडं हात न्यायला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.